जुन्या गाडीचा एसी: गॅस भरण्याआधी काय तपासावे

मुंबईत मे महिन्याच्या दुपारी जुन्या गाडीचा एसी गार हवा देईनासा झाला की पहिल्याच गॅरेजात ऐकू येणारे वाक्य ठरलेले असते: “गॅस कमी झालाय, भरून देतो.” हे वाक्य कधीकधी खरेही असते. परंतु एसीतला गॅस हा पेट्रोलसारखा जळून संपणारा पदार्थ नाही. बंद नळ्यांमधून तोच गॅस वर्षानुवर्षे फिरत राहतो. रबरी पाइपांतून आणि सांध्यांतून तो अगदी सावकाश झिरपतो हे मान्य केले, तरी एका उन्हाळ्यात भरलेला गॅस पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरत नसेल, तर तो कुठून तरी गळतो आहे एवढाच त्याचा अर्थ होतो. आणि गॅस पुरेसा असूनही थंडावा नसेल, तर दोष दुसरीकडे आहे. या दोन्ही प्रसंगी नुसता गॅस भरून पैसे वाया जातात, कधीकधी तर नुकसानही होते.

माझ्या घरी 2007 सालची एक लहान हॅचबॅक आहे. काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये तिच्यात तीन आठवड्यांत दोनदा गॅस भरला गेला आणि दुसऱ्या वेळेनंतर थंडावा पूर्वीपेक्षाही कमी झाला. चेंबूरहून नवी मुंबईला जाताना मानखुर्दच्या सिग्नलला गाडी रांगेत अडकली की जाळीतून कोमट हवा येई, आणि वाशीच्या खाडीपुलावर गाडीने वेग घेतला की दोन मिनिटांत तीच हवा बोटांना गार लागे. तक्रारीचे उत्तर याच फरकात होते. गॅरेजात मात्र ते कोणी विचारले नाही आणि मलाही ते सांगण्याचे सुचले नाही. अखेर घरीच बॉनेट उघडून पाहिले, तेव्हा एसी चालू असूनही कंडेन्सरचा, म्हणजे गाडीच्या तोंडाशी उष्णता बाहेर सोडणाऱ्या भागाचा, पंखा जागचा हललेला नव्हता. इंजिन बंद करून, बॅटरीची ऋण तार सोडून, पाते बोटाने अर्धा फेरा फिरवले आणि पुन्हा जोडणी केली, तेव्हा पंखा घरघरत चालू झाला. त्याच्या मोटरीचे कार्बन ब्रश झिजून गेले होते. मोटर बदलली, जादा भरलेला गॅस काढवून घेतला आणि बॉनेटखालच्या लेबलवर छापलेल्या वजनाइतकाच पुन्हा भरवला. त्यानंतर त्या यंत्रणेला हात लावण्याची गरज बराच काळ पडली नाही.

म्हणून पहिले काम हत्यारांचे नव्हे, निरीक्षणाचे आहे. गार हवा नेमकी केव्हा जाते, हे दोनतीन दिवस लक्ष देऊन टिपून ठेवावे. उभ्या गाडीत जाते आणि धावत्या गाडीत परत येते का? सुरुवातीची पाच मिनिटे थंड असते आणि इंजिन तापले की कोमट होते का? अर्ध्या-पाऊण तासाच्या प्रवासानंतर हवेचा झोतच मंदावतो का? की हवा भरपूर येते, पण ती कधीच गार नसते? या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर यंत्रणेच्या वेगळ्या भागाकडे बोट दाखवते, आणि ते उत्तर मेकॅनिकपेक्षा रोज गाडी चालवणाऱ्याला अधिक चांगले ठाऊक असते.

यंत्रणा थोडक्यात समजून घेतली तर पुढचे सोपे जाते. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर गॅस दाबतो आणि दाबल्यामुळे तो तापतो. गाडीच्या तोंडाशी, रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये ती उष्णता बाहेरच्या हवेला देऊन गॅसचा द्रव होतो. हा द्रव ओल शोषणाऱ्या ड्रायरच्या बाटलीतून एक्स्पान्शन व्हॉल्व्हपर्यंत येतो, तिथल्या बारीक छिद्रातून बाहेर पडताना त्याचा दाब एकदम उतरतो आणि डॅशबोर्डच्या मागे असलेल्या कूलिंग कॉइलमध्ये तो उकळून पुन्हा वायू होतो. उकळण्यासाठी लागणारी उष्णता तो केबिनच्या हवेतून घेतो. म्हणजे एसी थंडी तयार करीत नाही, तो आतली उष्णता बाहेर नेऊन टाकतो. तपासायच्या गोष्टी त्यामुळे चारच उरतात: कॉइलवरून पुरेशी हवा जाते का, कॉइल गार होते का, बाहेर उष्णता सुटते का, आणि हीटरमधून नकळत उष्णता मिसळते का.

मुंबईच्या हवेचा एक वेगळा भार असतो आणि तो ध्यानात न घेतल्यामुळे चांगल्या एसीवरही अन्याय होतो. बत्तीस अंश तापमान आणि ऐंशी टक्के आर्द्रता असलेल्या हवेत इतकी वाफ असते, की बाहेरची हवा आत घेऊन एसी चालवला तर त्याच्या निम्म्याहून अधिक शक्ती केवळ त्या वाफेचे पाणी करण्यात खर्च होते. खंडाळ्याचा घाट चढून पुण्याकडे निघाले की तोच एसी अचानक सुधारल्यासारखा वाटतो, त्याचे कारण बव्हंशी हेच. म्हणून कोणतीही तपासणी करण्याआधी बाहेरची हवा बंद करून आतलीच हवा फिरवण्याची कळ खरोखर काम करते का, हे पाहावे. जुन्या गाड्यांत ही कळ एका तारेने झडप ओढते. तार निसटली किंवा झडपेचा फोम कुजला, की कळ बंद दाखवते आणि बाहेरची दमट हवा येतच राहते. ग्लोव्ह बॉक्स काढून, कळ इकडून तिकडे सरकवीत झडपेची हालचाल डोळ्यांनी पाहता येते. ब्लोअर, म्हणजे केबिनमध्ये हवा ढकलणारा पंखा, पूर्ण वेगावर ठेवल्यास कळ बदलताच आवाजही बदलतो: आतली हवा फिरू लागली की घोंघावणे मोठे होते.

हवाच कमी येत असेल तर

झोत मंद असेल, तर गॅसचा विचारही आधी करू नये. ज्या गाडीत केबिन फिल्टर आहे तिथे तो काढून उजेडासमोर धरावा. बांधकामांची धूळ या शहरात इतकी आहे की वर्षभरात त्याची घडी सिमेंटच्या रंगाची होते. अनेक जुन्या लहान गाड्यांत हा फिल्टर नसतोच, आणि मग सगळी धूळ थेट कूलिंग कॉइलच्या ओल्या पापुद्र्यांवर जाऊन बसते. गुलमोहर किंवा पर्जन्यवृक्षाखाली गाडी उभी राहत असेल, तर काचेखालच्या जाळीतून त्यांच्या बारीक पानांचा सडा आत उतरतो. आमच्या गाडीचा ब्लोअर उतरवला तेव्हा पंख्याच्या पात्यांमध्ये अशा वाळक्या पानांचा, केसांचा आणि धुळीचा घट्ट नमदा झाला होता, आणि तो टोकदार काडीने दाण्या-दाण्याने सोडवावा लागला. पावसाळ्यात तिथे उंदीरही घर करतात. लेंडी किंवा कुरतडलेला कापूस दिसला, तर हातमोजे आणि मास्क घातल्याशिवाय हात घालू नये, कारण या शहरात लेप्टोचे (उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या तापाचे) रुग्ण दर पावसाळ्यात आढळतात.

ब्लोअर फक्त शेवटच्या वेगावर चालतो आणि खालच्या वेगांवर मुका राहतो, ही तक्रार जवळजवळ नेहमीच पंख्याचा वेग कमी करणाऱ्या रेझिस्टरची असते. हा सुटा भाग ब्लोअरजवळ, हवेच्या वाटेतच दोन स्क्रूंनी बसवलेला असतो, कारण त्याला गार ठेवण्याचे काम तीच हवा करते. तो बदलणे अर्ध्या तासाचे काम आहे. मात्र त्याच्या सॉकेटचे प्लास्टिक तपकिरी पडले किंवा वितळले असेल, तर सॉकेटही बदलावे, आणि ब्लोअरची मोटर हाताने सहज फिरते का ते पाहावे, कारण जड झालेली मोटर जादा विद्युतप्रवाह ओढून नवा रेझिस्टरही जाळते. ब्लोअर कोणत्याच वेगावर चालत नसेल, तर आधी फ्यूज, मग रिले (विजेवर चालणारा स्विच), मग मोटर हा क्रम ठेवावा. उडालेल्या फ्यूजच्या जागी अधिक अँपिअरचा फ्यूज कधीही घालू नये. तार जळून डॅशबोर्डला आग लागण्याचा तो सरळ मार्ग आहे.

प्रवासाच्या सुरुवातीला झोत चांगला असून अर्ध्या तासाने तो क्षीण होत असेल आणि एसी दहा मिनिटे बंद ठेवल्यावर पूर्ववत होत असेल, तर कॉइलवर बर्फ धरतो आहे. कॉइल शून्याच्या जवळ जाताच कॉम्प्रेसर थांबवणे हे थर्मोस्टॅटचे किंवा कॉइलवरच्या सेन्सरचे काम असते. तो सेन्सर जागेवरून सरकला की कॉइल गोठत जाते. दमट हवेत हा बर्फ फार वेगाने वाढतो. साचलेली धूळ आणि कमी झालेला गॅस यांमुळेही असे होते, म्हणून नवा सेन्सर घेण्याआधी कॉइल स्वच्छ आहे याची खात्री करावी.

कॉइलवर जमणारे पाणी एका रबरी नळीने गाडीखाली ठिबकते. मुंबईत एसी चालू असताना गाडीखाली पाणी पडत नसेल, तर एकतर कॉइल गार होत नाही किंवा ती नळी तुंबली आहे. नळी तुंबली की पाणी डाव्या सीटच्या पायाशी गालिच्यात मुरते, आणि पावसात छतातून गळती होते आहे असा गैरसमज होतो. नळी खालून मऊ प्लास्टिकच्या दोरीने किंवा हलक्या फुंकरीने मोकळी करावी. टोकदार तार वर सारू नये, कारण कॉइलला भोक पडले तर संपूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो. कुबट वासावर सुगंधी डब्या टांगण्याचा उपयोग नाही. कॉइल धुऊन घ्यावी आणि घरी पोहोचण्याआधीची चारपाच मिनिटे एसी बंद करून ब्लोअर चालू ठेवण्याची सवय लावावी, म्हणजे कॉइल कोरडी होते.

हवा येते, पण गार नाही

इथून पुढची तपासणी इंजिन चालू ठेवून करायची आहे, म्हणून काही पथ्ये अटळ आहेत. गाडी मोकळ्या जागी, सावलीत, न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढून उभी करावी. इमारतीच्या बंदिस्त तळघरात इंजिन चालू ठेवून काम करू नये, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी बॉनेटपासून दूर ठेवावी. इलेक्ट्रिक पंखा पूर्वसूचना न देता सुरू होतो, त्यामुळे त्याला हात लावायचा असेल तेव्हा बॅटरीची तार सोडावी.

स्वयंपाकाचा किंवा साधा डिजिटल थर्मामीटर मधल्या जाळीत खोवावा, दारे-काचा बंद कराव्यात, आतली हवा फिरवावी, तापमानाची कळ सर्वांत गारवर आणि ब्लोअर मध्यम वेगावर ठेवावा, आणि इंजिन पंधराशे फेऱ्यांवर दहा मिनिटे चालवावे. उन्हाळ्यातही सुदृढ यंत्रणेची हवा आठ ते बारा अंशांच्या आसपास यावी, अशी अपेक्षा मी ठेवतो. पंधराच्या वर आकडा अडून राहिला तर शोध घ्यावा. तळहाताच्या अंदाजापेक्षा हा आकडा फार उपयोगी पडतो, कारण घामेजलेल्या हाताला कोणतीही वाहती हवा गारच वाटते.

मग दुसऱ्या माणसाला एसीची कळ दाबायला सांगून कॉम्प्रेसरच्या पुढच्या टोकाकडे सुरक्षित अंतरावरून पाहावे. पुली इंजिनाबरोबर सतत फिरत असते, पण तिच्या मधली क्लचची तबकडी एसी लावल्यावरच ‘टक्’ असा आवाज करून फिरू लागते. ती फिरतच नसेल, तर फ्यूज पाहावा आणि शक्य असल्यास रिलेची अदलाबदल करून पाहावी. पुष्कळ गाड्यांत हॉर्नचा रिले त्याच क्रमांकाचा असतो, तो तात्पुरता एसीच्या जागी बसवल्यास एका मिनिटात उत्तर मिळते. त्यानंतरही क्लच मुका असेल, तर गॅस इतका कमी झाला असण्याची शक्यता आहे की प्रेशर स्विच कॉम्प्रेसरला मुद्दामच चालू देत नाही. हा स्विच तारेने जोडून बायपास करण्याची युक्ती काही जण सांगतात. ती कृपया करू नये. गॅसबरोबरच कॉम्प्रेसरचे तेल फिरत असते, आणि गॅसविना फिरणारा कॉम्प्रेसर कोरडा घासून जाम होतो.

क्लचचा आणखी एक दोष पंधरा वर्षांच्या गाडीत वारंवार आढळतो आणि तो ओळखणारे थोडे. वीसपंचवीस मिनिटे एसी उत्तम चालतो, मग तबकडी सुटते आणि इंजिन गार होईपर्यंत पुन्हा चिकटत नाही. तबकडी आणि पुली यांच्यातली फट घर्षणाने वाढलेली असते, आणि क्लचमधल्या तापलेल्या तारेच्या वेटोळ्याचे चुंबक क्षीण झाले की ते ती फट ओलांडून तबकडी ओढू शकत नाही. ही फट बहुतेक कॉम्प्रेसरांत साधारण 0.3 ते 0.6 मिलिमीटर असते आणि फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) इंजिन बंद असताना मोजता येते. तबकडीमागची एखादी पातळ शिम (चकती) काढली की फट जुळते. इतक्यासाठी अख्खा कॉम्प्रेसर बदलून घेतलेले लोक मी पाहिले आहेत, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

क्लच दर काही सेकंदांनी लागत-सुटत असेल, तर गॅस कमी असण्याचा संशय बळकट होतो. क्लच सलग चालतो आहे, कॉइलकडून परतणारा जाड पाइप गार आणि घामेजलेला आहे, तरीही जाळीतून कोमट हवा येते, असे असेल तर दोष हीटरकडे असतो. जुन्या गाडीत तापमानाची कळ तारेने हीटरचा नळ किंवा गरम-गार हवा मिसळणारी झडप हलवते. तार ताणली गेली की कळ निळ्या टोकाला पोहोचते, पण झडप फटीएवढी उघडी राहते. सकाळी थंड इंजिनावर पहिली पाच मिनिटे गार हवा मिळणे आणि नंतर ती जाणे, ही याची खूण. डॅशबोर्डखाली तारेची चिमटी सैल करून, झडप हाताने पूर्ण बंद करून चिमटी पुन्हा घट्ट केली की बहुधा काम भागते.

उभ्या गाडीत कोमट, धावत्या गाडीत गार, हे लक्षण वर आलेच आहे. एसी लावताच किंवा थोड्याच वेळात कंडेन्सरचा पंखा फिरायला हवा. तो फिरत असूनही फरक पडत नसेल, तर कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या बोटभर सांदीत विजेरी मारून पाहावी. बाहेरून स्वच्छ दिसणाऱ्या कंडेन्सरमागे चिखल, पिसे आणि प्लास्टिकचे कपटे साचलेले असतात. गार इंजिनावर, साध्या पाइपच्या मंद धारेने, मागून पुढे अशा दिशेने धुवावे. वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने पातळ पत्रे आडवे होतात आणि हवेची वाट कायमची बंद होते. वरळी, वर्सोवा, कुलाबा अशा समुद्रालगतच्या भागांत गाडी उघड्यावर राहत असेल, तर खारट वाऱ्याने ॲल्युमिनियमचे पत्रे पांढऱ्या भुकटीसारखे झडतात. तसे झाले असेल, तर धुण्याचा उपयोग नाही, नवा कंडेन्सरच घ्यावा लागतो.

पट्टा सैल असेल तर एसी लावताच किंचाळल्यासारखा आवाज येतो. तो ताणून किंवा बदलून घ्यावा.

खरोखर गॅसच गेला असेल तर

आता गॅसकडे वळता येते. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत आर-134ए हा गॅस आहे. त्याआधीच्या गाड्यांतला आर-12 ओझोनच्या थराला हानी करतो म्हणून मॉन्ट्रियल करारानुसार बंद झाला. आर-12ची यंत्रणा आर-134एवर आणायची असेल, तर तेल, ड्रायर आणि सील यांचाही विचार करावा लागतो, नुसता गॅस बदलून चालत नाही.

इथे एक गैरसमज मुळापासून दूर करायला हवा. इंजिन बंद असताना दाब मोजणारे गेज लावून “प्रेशर शंभर आहे, म्हणजे गॅस भरपूर आहे” असे सांगितले जाते. यंत्रणेत द्रवरूप गॅसचा थोडासा अंश जरी असला, तरी दाब फक्त तापमानावर ठरतो, प्रमाणावर नाही. तीस-बत्तीस अंशांना तो शंभर पीएसआयच्या (दाबाच्या एककाच्या) आसपासच राहणार, मग आत पूर्ण गॅस असो की अर्धा. स्वयंपाकघरातल्या सिलिंडरचेही तसेच असते: तो किती उरला हे दाबावरून कळत नाही, उचलून वजनावरूनच कळते. म्हणून गॅस भरण्याची खात्रीची पद्धत एकच आहे: आतला सगळा काढणे, यंत्रणा निर्वात करणे आणि काट्यावर तोलून लेबलवरच्या ग्रॅमइतका भरणे. लहान गाड्यांत हे प्रमाण साधारण चारशे ते सहाशे ग्रॅम असते, त्यामुळे शंभर ग्रॅमची चूकही मोठी ठरते.

चालू इंजिनावरचे गेज मात्र बरेच काही सांगते, आणि मेकॅनिक ते लावीत असताना शेजारी उभे राहून पाहण्याचा हक्क आपल्याला आहे. बत्तीस-तेहतीस अंशांच्या दिवशी कमी दाबाचा काटा तीस ते पंचेचाळीस आणि जास्त दाबाचा दोनशे ते अडीचशे पीएसआयच्या दरम्यान असणे साधारण योग्य मानावे. दोन्ही काटे खाली असतील, तर गॅस कमी आहे. दोन्ही वर असतील, तर पंखा, मळलेला कंडेन्सर किंवा जादा गॅस यांपैकी काहीतरी आहे, आणि अशा वेळी आणखी गॅस भरला तर जे आमच्या गाडीचे झाले तेच होते. कमी दाबाचा काटा वर आणि जास्त दाबाचा खाली येऊन दोन्ही जवळ आले, तर कॉम्प्रेसर थकला आहे. कमी दाबाचा काटा शून्याखाली जात असेल, तर एक्स्पान्शन व्हॉल्व्ह तुंबला आहे किंवा आत शिरलेल्या पाण्याचा बर्फ होऊन त्याचे छिद्र बंद झाले आहे.

गळतीची जागा तेलाच्या डागाने उघडी पडते. सांध्याभोवती, कॉम्प्रेसरच्या पुढच्या सीलजवळ किंवा कंडेन्सरच्या कोपऱ्यात धूळ चिकटून काळा, तेलकट ठिपका झालेला असेल, तर तिथे साबणाचे घट्ट पाणी लावावे आणि बुडबुड्यांची वाट पाहावी. गॅस भरण्याच्या तोंडावरची प्लास्टिकची टोपी हरवली असेल, तर आतल्या व्हॉल्व्हपाशीही फेस लावून पाहावा. यंत्रणा अगदी रिकामी असेल, तर कोरडा नायट्रोजन भरून तपासणी करवून घ्यावी. “थोडा गॅस मारून बघू” हे करू देऊ नये, कारण तो हवेत सोडलेला गॅस वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजाराहून अधिक पटींनी जबर आहे. डॅशबोर्डमधली कॉइल गळत असेल, तर साबण पोहोचत नाही. तिथे इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर पाणी ठिबकणाऱ्या नळीच्या तोंडाशी धरावा लागतो.

दुरुस्तीसाठी यंत्रणा उघडली गेली, की मुंबईची दमट हवा आत शिरते. कॉम्प्रेसरचे तेल ही ओल स्पंजासारखे शोषून घेते, तिच्यापासून आम्ल तयार होते आणि ते पाइपांना आतून खाते. पावसाळ्यात तर उघड्या पाइपांच्या तोंडावर लगेच टोपी किंवा टेप लावून घेण्याचा आग्रह धरावा. सांधे उघडले असतील, तर ओ-रिंग (सांध्यांतल्या रबरी कड्या) नव्या टाकाव्यात आणि ड्रायरही नवा घ्यावा. त्यानंतर व्हॅक्यूम पंप किमान अर्धा-पाऊण तास चालला पाहिजे, आणि पंप बंद केल्यावर काटा पंधरावीस मिनिटे जागचा हलता कामा नये. घाईच्या दिवसांत हीच पायरी गाळली जाते. कॉम्प्रेसर आतून फुटला असेल आणि पाइपांत धातूचा चुरा सापडला असेल, तर कंडेन्सर व पाइप धुऊन किंवा बदलून घेतल्याशिवाय नवा कॉम्प्रेसर बसवू देऊ नये. तोही त्याच चुऱ्याने जातो.

गॅस भरण्याचे काम घरी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. द्रवरूप गॅस डोळ्यात उडाला तर दृष्टीला इजा होते, आणि ज्वालेजवळ तो विषारी वायू सोडतो. स्वस्तात मिळणारे, एलपीजीच्या जातीचे ज्वलनशील मिश्रण तर कोणत्याही परिस्थितीत भरून घेऊ नये. कॉइल गळली, तर ते बंद केबिनमध्ये साचते.

सुटे भाग ऑपेरा हाऊसच्या दुकानांत नवे आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने मिळतात. जुन्यातून कंट्रोल पॅनेल, झडपेच्या तारा किंवा ब्लोअरचे आवरण घ्यायला हरकत नाही. ड्रायर, ओ-रिंग आणि कंडेन्सर मात्र नवेच घ्यावेत, आणि जुना कॉम्प्रेसर घ्यावा लागलाच, तर त्याची तोंडे बंद केलेली आहेत ना ते पाहावे.

पावसाळ्यासाठी दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. काच आतून धुरकटली, तर आतली हवा फिरवण्याची कळ बंद करून एसी चालूच ठेवावा, झोत काचेवर सोडावा आणि गारठा वाटला तर हीटर थोडा उघडावा: एसी हवा कोरडी करतो, हीटर काच उबदार ठेवतो. धुके काचेच्या बाहेरून असेल, तर काच जास्त गार झाली आहे. तेव्हा झोत काचेवरून हटवून वायपर फिरवावा. आणि हिंदमाता किंवा अंधेरी सबवेसारख्या ठिकाणी पाण्यातून जावेच लागले, तर आधीच एसी बंद करावा, कारण पाण्यात फिरणाऱ्या पंख्याची पाती वाकून रेडिएटरवर आदळतात. गाडी पाण्यात उभी राहिली असेल, तर पाणी उतरल्यावर पंख्याची मोटर आणि क्लचची जोडणी वाळवून तपासल्याशिवाय एसी लावू नये.

गाडी गॅरेजातून घेताना पावतीवर काढलेल्या गॅसचे वजन, भरलेल्या गॅसचे वजन, घातलेले तेल, तारीख आणि मधल्या जाळीत मोजलेले तापमान लिहून घ्यावे. काढलेला गॅस लेबलपेक्षा किती कमी किंवा जास्त निघाला, हा आकडा विशेष आग्रहाने मागावा, कारण गळती होती की नव्हती हे त्यावरूनच कळते. ती पावती ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवावी, आणि पुढच्या वर्षी मार्च संपताना तोच थर्मामीटर त्याच जाळीत खोवून आकडा ताडून पाहावा.